नगर रोडवरून घाटीकडे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचं औरंगाबाद) वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात माणूस जखमी होतो तो बहुतेक वेळा दोन जागी: नगर रोडवर किंवा मशीनवर. रस्त्यावर डोकं फुटतं, मांडीचं हाड मोडतं, बरगड्या आत घुसतात. मशीनमध्ये बोटं, पंजा, मनगट सापडतं. बजाजनगर, पंढरपूर, रांजणगाव फाटा या पट्ट्यात खासगी दवाखाने भरपूर आहेत आणि काहींत शस्त्रक्रियागृह, आयसीयूही आहे. पण ज्याच्या खिशात पैसे नाहीत, किंवा ज्याच्या एकाच अंगावर मेंदू, छाती आणि पोट अशा तीन तज्ज्ञांचं काम निघालं आहे, त्याची गाडी गोलवाडी, नगर नाका, छावणी करत शेवटी घाटीत जाऊन थांबते. घाटी म्हणजे १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. मराठवाड्यासह शेजारच्या जिल्ह्यांतलेही अवघड रुग्ण तिथेच येतात.

कोरोनाच्या दोन वर्षांत वाळूज ते घाटी हे पंधरा-वीस किलोमीटर तेवढेच राहिले. ते कापायला आणि नंतर दारातून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचायला लागणारी मिनिटं मात्र वाढत गेली. ती नेमकी कुठे वाढली, हे एकेक पायरी धरून पाहण्यासारखं आहे.

आधी राज्याचे आकडे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात रस्त्यांवर ३२,९२५ अपघात झाले आणि १२,७८८ माणसं गेली. २०२० मध्ये, कित्येक आठवडे रस्ते ओस पडलेले असताना, अपघात २४,९७१ वर आले, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कमी. मृत्यू मात्र ११,५६९. घट दहा टक्क्यांच्याही आत. दर शंभर अपघातांमागे ३९ माणसं दगावत होती, ती ४६ झाली. याचा सगळा दोष उपचारांतल्या उशिराच्या माथी मारता येणार नाही. मोकळ्या रस्त्यावर गाड्या सुसाट सुटल्या होत्या, आणि आरसा फुटला, गुडघा खरचटला एवढ्यासाठी त्या दिवसांत कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढलं नाही. तरीही ज्याला लागलं त्याला जबर लागलं आणि मदत मिळायला वेळ लागला, हे त्या आकड्यांशी जुळतं.

वाळूजची अडचण आणखी निराळी. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर या कागदोपत्री ग्रामपंचायती. वस्ती, वाहतूक आणि तीन शिफ्टमध्ये चालणारे कारखाने शहराला शोभतील असे, सरकारी आरोग्याचा सांगाडा मात्र खेड्याचा. ग्रामीण भागाच्या नियोजनात प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा अशी शिडी गृहीत असते. शहराच्या नियोजनात मोठं रुग्णालय जवळ आहे असं धरलेलं असतं. वाळूजचा जखमी शिडीच्या पायऱ्या गाळून थेट वर जातो, कारण खालच्या पायऱ्यांवर त्याच्यासाठी फारसं काही नाही. त्यामुळे इथली अपघात-व्यवस्था म्हणजे एक रस्ता, एक १०८ रुग्णवाहिका आणि घाटी. या तिन्हींवर कोरोना एकाच वेळी येऊन बसला.

पहिली पायरी: हात लावणार कोण?

जखमी रस्त्यावर पडतो तेव्हा त्याच्याजवळ डॉक्टर नसतो, रिक्षावाला किंवा चहाच्या टपरीवरचा पोरगा असतो. पूर्वी हे लोक पोलिसांच्या चौकशीच्या धाकाने मागे सरायचे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात ते कलम १३४ अ म्हणून आलं आणि त्याचे नियम २०२० च्या सप्टेंबरअखेरीस निघाले. मदत करणाऱ्याने आपलं नाव सांगायलाच हवं असं नाही, साक्षीदार व्हायलाच हवं असंही नाही, आणि रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही. कायद्याने एक भीती काढली खरी, पण नेमक्या त्याच वर्षी दुसरी आली. खोकणाऱ्या, तोंडातून रक्त येणाऱ्या माणसाचं डोकं मांडीवर घ्यायला कोणी धजेना. त्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे धुऊन धुऊन विरलेला कापडी मास्क, यापलीकडे काही नव्हतं.

या पहिल्या मिनिटांत करायची कामं थोडी आहेत आणि ती महामारीतही तीच राहतात. वाहतं रक्त कापडाने घट्ट दाबून धरायचं आणि मधेमधे उचलून पाहायचं नाही. हात किंवा पाय चेंगरून रक्ताची धार लागली असेल तर जखमेच्या वर, सांधा सोडून, रुंद पट्टा करकचून आवळायचा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवायची. मान वळू द्यायची नाही. पाणी पाजायचं नाही, कारण पोटात पाणी असेल तर भूल देताना ते फुप्फुसात उतरायचा धोका असतो. आपल्याकडे मायेने पहिला तांब्या पाण्याचा पुढे येतो, तो या वेळी बाजूला ठेवलेला बरा.

कारखान्यातली जखम वेगळी वागते, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहू. पॉवर प्रेसमध्ये पत्रा डायवर ठेवायचा, हात काढायचा, पेडल मारायचं. हे दिवसातून हजारो वेळा. हात निघायच्या आत प्रेस खाली आली की बोट जातं. तुटलेलं बोट सापडलं तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुवायचं, ओल्या स्वच्छ कापडात किंवा गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर ठेवलेलं बोट गारठून मरतं आणि मग ते जोडायच्या कामाचं राहत नाही. बोटात स्नायू नसतात, त्यामुळे ते थंडाव्यात बरेच तास तग धरतं. मनगटाच्या वर तुटलं असेल तर सहा तासही जास्त होतात. इथे खोटी आशा लावू नये. पत्रा कापायच्या शिअरवर सरळ कापलेलं बोट जोडण्यासारखं असतं, प्रेसखाली चेचलेलं बहुतेक वेळा नसतं. पण तो निर्णय सर्जनचा. सुपरवायझरने तुकडा कचऱ्यात टाकून तो परस्पर करून मोकळं होऊ नये.

कोरोनात या जोडण्याच्या शस्त्रक्रियांना एक चमत्कारिक अडथळा आला. रक्तवाहिनी मिलिमीटरभर जाडीची, टाका केसाहून बारीक, सगळं काम सूक्ष्मदर्शकाखाली, चार-सहा तासांचं. डोळ्यांवर गॉगल, त्यावर फेस शील्ड, आत वाफ. फेस शील्ड लावून सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला डोळा टेकवता येत नाही, आणि ते काढलं तर संरक्षण जातं.

दुसरी पायरी: १०८

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. कोरोनाच्या काळात तिच्या ९३७ गाड्या होत्या: २३३ मध्ये व्हेंटिलेटर आणि हृदयाला झटका देणारं यंत्र असलेला सगळा सरंजाम, ७०४ मध्ये ऑक्सिजन आणि प्राथमिक उपचारांची सोय. गाडीत चालकाबरोबर डॉक्टर असतो, हे आपल्या राज्याचं वैशिष्ट्य. त्याच गाड्या कोरोनाच्या रुग्णांनाही नेत होत्या. फोन आला की आता आधी विचारायचं: ताप आहे का, खोकला आहे का, घरात कोणी पॉझिटिव्ह आहे का? बेशुद्ध माणसाच्या बाबतीत याचं उत्तर द्यायला कोणी नसतं, म्हणून त्याला पॉझिटिव्हच धरायचं. निघण्यापूर्वी पीपीई किट चढवायचं. घाईत चढवलं तर ते फाटतं. रुग्ण उतरवला की गाडी हायपोक्लोराइटने पुसायची, दारं उघडी ठेवायची, मग पुढचा फोन. प्रत्येक फेरीमागे अशी मिनिटं लागत गेली की तीच गाडी दिवसभरात कमी फेऱ्या मारते. गाड्यांची संख्या तीच, उपलब्धता कमी, हे गणित इतकं सरळ आहे.

गाडी लवकर येणार नसेल तर छोटा हत्ती किंवा रिक्षा काढून निघावं का? माझं मत: रक्त थांबत नसेल, श्वास लागत असेल तर निघावं, दाब धरून निघावं. मानेला किंवा पाठीला लागलं असेल आणि बाकी ठीक असेल तर थांबावं. जीव वाचवायच्या घाईत मणका सरकला तर माणूस जगतो, पण खाटेवर.

तिसरी पायरी: दारातली निवड

मोठ्या रुग्णालयांत अपघात विभागाच्या दारातच निवड होते. कोण आत्ता, कोण अर्ध्या तासाने, कोण थांबू शकतो. मोठ्याने ओरडणारा सहसा थांबू शकतो, कारण ओरडायला श्वास लागतो. गप्प पडलेला, घामाघूम, थंडगार हातांचा माणूस आधी आत जातो. कोरोनाने या निवडीवर दुसरी निवड बसवली: संशयित की नाही. म्हणजे तीन खणांचे सहा खण झाले, आणि प्रत्येक खणाला वेगळी खाट, वेगळी ट्रॉली, वेगळे ब्रदर-सिस्टर आणि वेगळे वॉर्डातले मामा हवेत. कर्मचारी तेवढेच, शिवाय त्यांतले काही स्वतः पॉझिटिव्ह होऊन घरी, काही कोविड वॉर्डात.

खाटांचं गणित सगळीकडेच उलटं फिरलं होतं. दिल्लीच्या एम्सचं जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटर, देशात ज्याच्याकडे बोट दाखवून शिकवलं जातं ते, २०२० मध्ये कोविड रुग्णालय झालं आणि अपघाताचे रुग्ण मुख्य इमारतीत गेले. आपल्याकडे चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय कोविडला दिलं, मेल्ट्रॉनच्या इमारतीत महापालिकेने कोविड रुग्णालय उभं केलं, घाटीच्या आवारातली सुपर स्पेशालिटीची नवी इमारतही त्याच कामाला लागली. यात चूक काही नव्हती, दुसरा इलाजही नव्हता. पण अपघाताच्या रुग्णाला लागणारा भूलतज्ज्ञ, आयसीयूची खाट आणि व्हेंटिलेटर, या तिन्ही गोष्टी कोरोनाच्या रुग्णालाही लागतात. आणि त्याच तिन्ही आधी संपल्या.

चौथी पायरी: पहिली दहा मिनिटं

आत गेल्यावर डॉक्टर जे करतात त्याचा क्रम ठरलेला असतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर नावाच्या सर्जनचं छोटं विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी. जवळच्या छोट्या रुग्णालयात त्यांना जी मदत मिळाली ती पाहून ते हादरले आणि १९७८ पासून तिथे हा क्रम शिकवायचा अभ्यासक्रम सुरू झाला. आज जगभर तोच क्रम: आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदू, मग सगळे कपडे काढून अंगभर तपासणी. धो धो रक्त वाहत असेल तर ते या सगळ्याच्याही आधी.

श्वासाची वाट म्हणजे घसा मोकळा आहे का. ग्लासगो मापावर शुद्धी ८ किंवा त्याखाली आली की घशात नळी घालायची. ही नळी घालताना रुग्णाच्या तोंडातून तुषार उडू शकतात आणि डॉक्टरचा चेहरा फूटभर अंतरावर असतो. म्हणून कोरोनात नियम झाला: नळी सगळ्यांत अनुभवी माणसाने घालायची, खोलीत कमीत कमी माणसं ठेवायची, सगळ्यांनी आधी किट घालायचं. अनुभवी माणूस येऊन किट घालेपर्यंतचा वेळ रुग्णाच्या मेंदूला मोजावा लागतो.

मग श्वास. बरगडी मोडून फुप्फुसाला भोक पडलं तर छातीत हवा साठते. कधी भोकावरची कातडी सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी वागते: हवा आत येते, बाहेर जात नाही. छाती फुगते, हृदय एका बाजूला ढकललं जातं, नाडी बुडते. एक्स-रेची वाट न पाहता छातीत जाड सुई घालायची, मग नळी टाकून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. पाण्यात बुडबुडे आले की हवा सुटली. एरवी हे बुडबुडे पाहून जीव भांड्यात पडतो, पण २०२० मध्ये त्याच बुडबुड्यांबरोबर विषाणूही खोलीत येतो का, हा प्रश्न उभा राहिला. काही ठिकाणी बाटलीच्या तोंडाला फिल्टर लावायला सुरुवात झाली.

याच ठिकाणी कोरोनाने डॉक्टरांना सर्वांत मोठा चकवा दिला. ऑक्सिजन ८८ वर आलेला आहे. बरगड्यांमुळे की कोरोनामुळे? सीटीवर फुप्फुसात धुरकट डाग दिसतात. मुका मार की न्यूमोनिया? मुक्या माराचा डाग मोडलेल्या बरगडीच्या खाली, एका बाजूला असतो; कोरोनाचे डाग बहुधा दोन्ही फुप्फुसांच्या कडेला, खालच्या भागांत. पुस्तकात हा फरक ठळक दिसतो. रात्री तीन वाजता, दोन्ही बाजूंच्या बरगड्या मोडलेल्या रुग्णात तो तसा दिसत नाही.

रक्ताभिसरणासाठी दोन्ही हातांत जाड सुया, कमरेचं हाड फुटलं असेल तर चादरीने कंबर आवळून बांधायची, सोनोग्राफीने पोटात आणि हृदयाभोवती रक्त साठलं आहे का पाहायचं. आणि ट्रॅनेक्झामिक ॲसिड, एक ग्रॅम, दहा मिनिटांत. क्रॅश-२ या चाळीस देशांतल्या, वीस हजारांवर जखमींवरच्या चाचणीने २०१० मध्ये दाखवलं की हे स्वस्त औषध रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी करतं. अट एकच, अपघातापासून तीन तासांच्या आत. त्यानंतर दिलं तर अपायच जास्त. म्हणून माझ्या मते या इंजेक्शनची खरी जागा घाटीत नाही, वाटेतल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक १०८ मध्ये आहे. महामारीत वाटेतली मिनिटं वाढली, तसा हा तीन तासांचा हिशोब आणखी आवळला गेला.

जखमीला उबदार ठेवणं हेही औषधच. अंग थंड पडलं की रक्त गोठत नाही, गोठलं नाही की आणखी वाहतं, वाहिलं की रक्तातलं आम्ल वाढतं, आम्ल वाढलं की रक्त आणखीच गोठत नाही. या फेऱ्यात सापडलेला माणूस मे महिन्यातल्या मराठवाड्यातही थंडगार पडतो.

पाचवी पायरी: स्वॅब आणि टेबल

सुरुवातीच्या महिन्यांत भिस्त आरटीपीसीआरवर होती. प्रयोगशाळेत तिला काही तास लागतात, नमुन्यांची रांग असली की दिवस जातो. ट्रूनॅट, सीबीनॅट यंत्रं तास-दोन तासांत सांगत, पण ती मोजकी होती. १४ जून २०२० रोजी आयसीएमआरने रॅपिड अँटिजन चाचणीला मान्यता दिली आणि उत्तर अर्ध्या तासावर आलं. ती पॉझिटिव्ह आली तर पॉझिटिव्ह. निगेटिव्ह आली तर मात्र खात्री नाही. फुटलेली प्लीहा रिपोर्टची वाट पाहत नाही, त्यामुळे तिथे रिपोर्ट न पाहता, पॉझिटिव्ह धरूनच पोट उघडायचं. मोडलेलं मनगट थांबू शकतं आणि ते थांबलं. मधले सगळे, मांडीचं हाड, उघडं फ्रॅक्चर, जबडा, हे खरे पेचाचे.

घाई न करण्यामागे कारण होतं. मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये कोविडसर्ज गटाचा अभ्यास आला: २४ देश, २३५ रुग्णालयं, शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोना झालेले १,१२८ रुग्ण. महिनाभरात त्यांतले २३.८ टक्के दगावले, निम्म्याहून अधिकांना फुप्फुसांचा त्रास झाला. त्यात वयस्क आणि आधीच आजारी रुग्ण बरेच होते, हे खरं. तरी ऑपरेशनच्या टेबलाकडे पाहायची नजर त्या आकड्याने बदलली. भूल देतानाही शक्य तिथे घशात नळी टाळली गेली: पायाला कमरेतून भूल, हाताला काखेतून किंवा मानेजवळून नस बधिर करून.

शस्त्रक्रियागृहाची हवाही उलटी वागायला लागली. एरवी तिथे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरचे जंतू आत येत नाहीत. कोरोनाच्या रुग्णासाठी तोच दाब विषाणू बाहेर ढकलतो. म्हणून तो दाब उलटा करायचा किंवा एसी बंद ठेवायचा. हाडाला ड्रिल मारताना रक्ताचे तुषार उडतात, त्यामुळे ड्रिल हळू फिरवायचं. एक शस्त्रक्रिया झाली की खोली पुसायची, हवा बदलायला वेळ द्यायचा, मग पुढची. बंद एसी, किटमध्ये घाम, बाहेर चाळीसच्या वरचं तापमान. एका टेबलावर दिवसाला पूर्वीइतक्या केसेस होणं शक्यच नव्हतं.

रक्त आणि ऑक्सिजन

रक्त कारखान्यात तयार होत नाही, पण वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या आणि कॉलेजांतल्या शिबिरांतून बरंच गोळा होतं. दोन्हीकडची शिबिरं बंद झाली. लसीकरण सुरू झाल्यावर मार्च २०२१ मध्ये नियम आला: डोस घेतल्यापासून २८ दिवस रक्तदान नाही. त्यामुळे लस घेतलेले दाते रांगेतून बाहेर पडायला लागले. मे महिन्यात ती मुदत १४ दिवसांवर आणली. नातेवाइकांनी बदली रक्तदाता आणावा ही आपल्याकडची जुनी रीत. संचारबंदीत हा दाता रांजणगावहून शहरात आणायचा म्हणजे आधी नाक्यावरच्या हवालदाराला समजावून सांगायचं. जुलै २०२० मध्ये शहर आणि वाळूज परिसर कडकडीत बंद होता, त्या दिवसांत तर रस्त्यावर निघणंच अवघड होतं.

ऑक्सिजनचं गणित २०२१ च्या एप्रिलमधलं. नाकावाटे जोराने ऑक्सिजन देणारं यंत्र पूर्ण ताकदीने चालवलं तर मिनिटाला ६० लिटर ओढतं. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर. म्हणजे एका रुग्णाला दोन तासही पुरत नाही. शस्त्रक्रियेत भुलीचं यंत्र काटकसरीने चालवलं तर मिनिटाला एक-दोन लिटरमध्ये भागतं. म्हणजे शस्त्रक्रियेला फार ऑक्सिजन लागतो म्हणून त्या थांबल्या नाहीत. नंतर आयसीयूत लागेल की काय, तो मिळेल की नाही, या धास्तीने थांबल्या. २२ एप्रिलपासून केंद्राने मोजके अपवाद सोडून उद्योगांचा ऑक्सिजन बंद केला आणि कारखान्यांचे सिलिंडर रुग्णालयांकडे वळले. त्याच्या आदल्या दिवशी नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा तुटला आणि किमान २२ रुग्ण गेले. व्हेंटिलेटरांची गोष्ट थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर गेली: पीएम केअर्समधून आलेल्या १५० यंत्रांपैकी वापरात आणलेली ११३ सदोष असल्याचा अहवाल मे २०२१ मध्ये तिथे मांडला गेला. केंद्राने यंत्रांत दोष असल्याचं मान्य केलं नाही.

गावाकडून येणारा जखमी

गंगापूर, वैजापूर, कन्नड, पैठणकडून येणाऱ्याची वाट वेगळी. शहरातल्याला अंतर थोडं आणि रांग मोठी. गावाकडच्याला अंतर मोठं आणि वाटेत दोन-तीन थांबे. ७ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या वर्गवारीनुसार कोविड काळजी केंद्र, कोविड आरोग्य केंद्र आणि कोविड रुग्णालय अशी तीन थरांची मांडणी झाली आणि अनेक ठिकाणी मधल्या थरात ग्रामीण, उपजिल्हा रुग्णालयंच गेली. म्हणजे जिथे छातीत नळी पडली असती, पायाला फळी बांधली गेली असती, ती खोलीच कोविडची झाली. प्रत्येक रेफर चिठ्ठीबरोबर केसपेपर नव्याने निघतो, तपासणी नव्याने होते. त्या काळात स्वॅबही नव्याने.

या जिल्ह्यातली महामारीतली सर्वांत मोठी दुर्घटना अशी की तिथे डॉक्टरांना करण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे कामगार, भुसावळहून रेल्वे मिळेल या आशेने पायी निघालेले. १६ जण गेले. जखमीला घाटीत आणलं. गाड्या बंद म्हणून रुळ निर्धोक, असा त्यांचा समज होता. मालगाड्या चालूच होत्या.

महामारी ओसरली तरी वाट तीच राहिली. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर मिनीबस ट्रकवर आदळून १२ जणांचा जीव गेला, तेव्हाही जखमी घाटीकडेच निघाले.

टाके निघाल्यानंतर

महामारीतली सगळ्यांत न दिसलेली हानी या टप्प्यावर झाली. उघड्या फ्रॅक्चरला बाहेरून सळ्यांची चौकट लावून घरी पाठवायचं, दर आठवड्याला सळीभोवतीची कातडी तपासायची, काही महिन्यांनी चौकट काढायची. एसटी बंद, काळीपिवळी बंद, ओपीडी मर्यादित. खोली सोडून गावी निघून गेलेला कामगार ती चौकट घेऊनच गेला. सळीच्या तोंडाशी पू झाला तरी त्याने हळद भरली. व्यायाम न झाल्याने आखडलेला गुडघा नंतर वाकत नाही, आणि न वाकणाऱ्या गुडघ्याने प्रेसवर उभं राहता येत नाही.

पैशाचं थोडक्यात. २३ मे २०२० पासून महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली झाली. रस्त्यावरच्या अपघाताला मे २०२५ पासून केंद्राची रोकडरहित योजना आहे: सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. ती फक्त रस्त्यासाठी. मशीनवर लागलं तर वाट कामगार विम्याची: महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला उपचार, आणि काम बंद असेपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता. आजारपणाच्या भत्त्याला आधी काही काळ वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या दुखापतीला ती अट नाही, कामाच्या पहिल्या दिवशी बोट गेलं तरी हक्क लागू होतो. ठेकेदाराकडचा माणूस इथे अडकतो. त्याची नोंद कधी कधी अपघातानंतर होते आणि कागदावर त्याच्या कामाचा पहिला दिवस अपघाताच्या पुढचा निघतो. म्हणून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या भावाने दोन गोष्टी तपासून घ्याव्यात: केसपेपरवर अपघाताची जागा ‘कंपनीत, कामावर’ अशी लिहिली आहे का, आणि एमएलसीत, म्हणजे पोलिसांसाठीच्या वैद्यकीय नोंदीत, लिहिलेली वेळ खरी शिफ्टची आहे का. कंपनीच्या माणसाने ‘घरी पडला’ असं सांगितलं असेल तर ते त्याच रात्री, ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडून बदलून घ्यावं.